कंप विरतो कुठे?

'ऊर्जा', 'कंपने' आणि 'क्वांटम' हे तीन शब्द सध्या बाजारात फार स्वस्त झाले आहेत. मंत्राची कंपने अवकाशात हजारो वर्षे टिकून राहतात, अमुक खड्याची कंपने माणसाच्या कंपनांशी जुळतात, अमक्या कुळात जन्मलेल्याची ऊर्जाच मुळी वेगळी असते, असे सांगणारी माणसे आता पोथीचा हवाला देत नाहीत. ती पदार्थविज्ञानाचा हवाला देतात. पोथीशी भांडण्याचा आपल्याला सराव आहे. पदार्थविज्ञानाचे नाव निघाले की मात्र आपल्यातला चांगला लढाऊ कार्यकर्ताही क्षणभर गप्प होतो. 'असेल बुवा, ते क्वांटमचे आहे,' असे म्हणून तो विषय बदलतो. हे गप्प होणे मला खुपते.

साहित्याला आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या नियतकालिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. मी एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला आहे. आमच्यासारख्यांच्या वाट्याला विज्ञान बहुधा पाठांतर म्हणूनच येते. संस्कृत श्लोकाच्या जागी इंग्रजी सूत्र येते, पुरोहिताच्या जागी प्राध्यापक येतो आणि समोरच्याने मान डोलवायची ती डोलवायचीच. ज्याला सूत्राच्या मागचा विचार कधी दाखवलाच गेला नाही, तो त्या सूत्राचे नाव घेणाऱ्या ढोंग्याला कोणत्या बळावर आव्हान देणार? तेव्हा येथे एकच प्रश्न घेऊन तो शेवटपर्यंत न्यायचा माझा विचार आहे. दोलन करणारे क्षेत्र आपली ऊर्जा कशी गमावते, आणि अखेर ते निवते म्हणजे नेमके काय होते? गणित वगळतो; पण गणिताशी बेइमानी करणार नाही.

उत्तर आधीच सांगून टाकतो. ऊर्जा गमावणे हा कंप पावणाऱ्या वस्तूचा एकटीचा गुणधर्म नसतो. ते तिचे परिसराशी असलेले नाते असते. परिसर बदलला की तीच वस्तू कमी वेळात विरते, जास्त वेळात विरते, किंवा गमावलेली ऊर्जा परतही मिळवते. पुढचे सारे या एका विधानाचा पुरावा आहे.

१

ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करू. गावकीने ज्यांच्या गळ्यात हलगी अडकवली त्यांनी ती एक दिवस उतरवून ठेवली, हे योग्यच झाले. पण हलगीचे शास्त्र काही गावकीच्या मालकीचे नाही. कातडे शेकोटीवर तापवले की ते ताणले जाते आणि आवाज चढतो, हे ज्याने केले आहे त्याला दोलनाचा पहिला नियम ठाऊक आहे. दोलनाची वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती हेलकावे, हे कातड्याचा ताण, आकार आणि जडपणा ठरवतात. थाप जोरात मारली की आवाज मोठा होतो. सूर मात्र तोच राहतो.

थाप दिल्यावर कातडे थरथरते आणि पाहता पाहता ती थरथर विरते. तिची ऊर्जा गेली कुठे? काही हवेने घेतली, काही लाकडी कड्याने, काही हाताने. उरलेली कातड्यातच उष्णता होऊन मुरली. यातली कणभरही नष्ट झाली नाही, ती पांगली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याला हलगी ऐकू येते ती तिने ऊर्जा गमावली म्हणूनच. आपली सारी ऊर्जा जपून ठेवणारी हलगी समोर बसलेल्या माणसालाही ऐकू आली नसती.

विरण्यालाही हिशेब असतो. दर क्षणाला शिल्लक ऊर्जेचा ठरावीक हिस्सा जातो. शंभर असतील तर दहा जातील, नव्वद उरले तर नऊ, एक्क्याऐंशी उरले तर आठाहून थोडे जास्त. त्यामुळे सुरुवातीला गळती मोठी आणि पुढे पुढे बारीक होत जाते. जो हिस्सा जातो तो मोठा की लहान यावरून त्या दोलनाचे आयुष्य ठरते, आणि ते आयुष्य मोजता येते. बंद खोलीत उच्चारलेल्या शब्दाची कंपने भिंतींवर आपटून काही क्षणांत उष्णता होऊन जातात. तो शब्द मंत्र आहे की शिवी आहे, उच्चारणारा कोण आहे, याची भिंतीला माहिती नसते.

२

आता 'क्षेत्र' या शब्दाकडे वळू. लोहचुंबकाजवळ लोखंडाचा कीस टाकला की तो ठरावीक रेषांत मांडला जातो. म्हणजे चुंबकाभोवतीच्या प्रत्येक बिंदूला काहीएक बळ आणि दिशा आहे. जागेच्या प्रत्येक बिंदूपाशी ज्याला काही मूल्य असते त्याला क्षेत्र म्हणतात. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना ढकलत दोलन करू लागली की तोच प्रकाश, तीच रेडिओची लहर. समोरासमोर दोन आरसे ठेवले तर त्यांमधले क्षेत्र ताणलेल्या कातड्यासारखे वागते. वाटेल त्या वारंवारतेने ते तेथे ठरत नाही. आरशांमधल्या अंतरात जे हेलकावे नेमके बसतात तेवढेच टिकतात.

इथवर जुने पदार्थविज्ञान झाले. १९०० साली माक्स प्लांक यांनी तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा हिशेब लावताना असे गृहीत धरले की ऊर्जेची देवघेव सुट्या नाण्यांत होते. १९२५ मध्ये बोर्न, हायझेनबर्ग आणि योर्डान यांनी व १९२७ मध्ये डिरॅक यांनी ही कल्पना खुद्द क्षेत्राला लावली. त्यातून निघालेले पुंजक्षेत्र हे जिन्यासारखे असते. साधे दोलन उतरणीवरून घरंगळल्यासारखे हळूहळू कमी होऊ शकते. पुंजक्षेत्र पायरीवरच उभे राहू शकते, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही. प्रत्येक पायरी म्हणजे एक प्रकाशकण, एक फोटॉन. पायरीची उंची वारंवारतेवर अवलंबून असते.

या जिन्याची आणखी एक खोड आहे. त्याची सर्वांत खालची पायरी जमिनीला टेकत नाही. ती अर्ध्या पायरीइतकी वर असते. म्हणजे एकही फोटॉन नसलेले क्षेत्रही पूर्ण निश्चल नसते. ही शून्यस्थितीतली ऊर्जा काढून विकणारी यंत्रे आणि ताईत बाजारात येतात. पण सर्वांत खालच्या पायरीच्या खाली पायरीच नाही, तेव्हा तेथून उतरून ऊर्जा देता येत नाही. एवढे वाक्य पाठ नव्हे, समजून घेतले तरी पुष्कळांचे पैसे वाचतील.

३

पुंजक्षेत्र पायरी उतरताना प्रत्यक्ष पाहता येते काय? पुष्कळ वर्षे हे प्रयोग केवळ विचारात करायचे म्हणून सांगितले जात. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअर या संस्थेत सर्ज हारोश आणि त्यांचे सहकारी झां-मिशेल रेमाँ व मिशेल ब्रून यांनी ते टेबलावर करून दाखवले. मोरोक्कोतील कासाब्लांका येथे १९४४ मध्ये जन्मलेल्या हारोश यांना या कामासाठी २०१२ चे नोबेल पारितोषिक अमेरिकेच्या डेव्हिड वाइनलँड यांच्याबरोबर विभागून मिळाले.

त्यांची पेटी ऐकायला साधी आहे. २.७ सेंटीमीटर अंतरावर समोरासमोर दोन अंतर्वक्र आरसे. आरसे तांब्याचे, वर नायोबियम धातूचा पातळ थर. निरपेक्ष शून्याच्या वर अवघे ०.८ अंश इतके ते थंड केलेले. या थंडीत नायोबियम अतिसंवाहक होते आणि विजेला जवळजवळ काहीच अडथळा करीत नाही. आरशांमधले क्षेत्र सेकंदाला सुमारे ५१ अब्ज वेळा दोलन करते. अशा पेटीत सोडलेला फोटॉन सरासरी ०.१३ सेकंद टिकतो. ऐकायला हा काळ नगण्य वाटेल. पण तेवढ्यात तो एक अब्जाहून अधिक वेळा आरशांवर आपटून परत येतो आणि सुमारे ३९,००० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या परिघाइतका, प्रवास करतो.

खरी अडचण पुढेच होती. प्रकाश पाहायचा म्हणजे तो गिळावा लागतो. आपला डोळा, कॅमेऱ्याची फिल्म, सारे फोटॉनला संपवूनच त्याची नोंद करतात. हारोश यांच्या गटाने रुबिडियमचे अणू वापरले. या अणूंतला बाहेरचा इलेक्ट्रॉन इतक्या लांबच्या कक्षेत नेलेला होता की अणू नेहमीच्या आकाराच्या सुमारे हजारपट फुगला होता. असा अणू क्षेत्राला फार संवेदनशील असतो. त्याची वारंवारता फोटॉनच्या वारंवारतेशी मुद्दाम थोडी बेजुळी ठेवली, की तो फोटॉन गिळू शकत नाही. पण पेटीतून जाताना फोटॉन असेल तर अणूच्या आतल्या 'घड्याळा'चा काटा थोडा सरकतो. एकामागून एक अणू पेटीतून पाठवायचे आणि बाहेर पडल्यावर प्रत्येकाचा काटा तपासायचा. पेटीत फोटॉन आहे की नाही ते कळते आणि फोटॉन शाबूत राहतो.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची नोंद पाहण्यासारखी आहे. कितीतरी अणू 'नाही, नाही, नाही' असे सांगत जातात. मग एकाएकी 'आहे, आहे, आहे' सुरू होते. काही काळाने पुन्हा एकाएकी 'नाही'. अधेमधे काही नाही. अर्धा फोटॉन कधीच दिसत नाही. एखादा फोटॉन लगेच जातो, तर शंभरात दोनेक अर्ध्या सेकंदापर्यंतही रेंगाळतात. कोणता केव्हा जाईल हे सांगता येत नाही. इतकेच नव्हे, फोटॉन म्हातारा होत नाही. जो आधीच ०.२ सेकंद टिकला आहे, त्याचे पुढचे सरासरी आयुष्यही ०.१३ सेकंदच असते.

मग हलगीसारखे सावकाश विरणे कुठे गेले? ते सरासरीत आहे. हाच प्रयोग हजारो वेळा करून साऱ्या नोंदींची सरासरी काढली, की जिना मिटतो आणि तीच ओळखीची उतरण दिसते. पेटीत सात फोटॉन असतील तर पहिला सातपट लवकर, म्हणजे सरासरी ०.०१९ सेकंदात, निघून जातो. सहा उरले की पुढचा थोड्या उशिरा. शेवटचा सर्वांत जास्त रेंगाळतो. शिल्लक ऊर्जेचा ठरावीक हिस्सा जातो हा हलगीचा नियम असा फोटॉनच्या पातळीवरही खरा ठरतो. फरक इतकाच, की तेथे नियम एकेका थापेला लागू होता. येथे तो समूहाला लागू आहे आणि एकेका फोटॉनला केवळ शक्यता लागू आहे.

४

आता माझ्या मूळ विधानाकडे येतो. ०.१३ सेकंद हे आयुष्य कोणाचे? 'फोटॉनचे' असे उत्तर पटकन तोंडात येते. परंतु ते खरे नाही. १९९६ च्या सुमारास याच प्रयोगशाळेतल्या पेटीत तितक्याच वारंवारतेचा फोटॉन सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकत असे. दहाएक वर्षांत ते आयुष्य शेकडो पटींनी वाढले. फोटॉनमध्ये काहीही सुधारणा झाली नव्हती. आरसे सुधारले होते. जुन्या आरशांच्या पृष्ठभागावरल्या बारीक दोषांतून तो बाहेर विखुरत होता, धातूत मुरत होता. जे आयुष्य आपण फोटॉनच्या नावावर लिहिले होते ते वस्तुतः आरशांचे होते.

याहून ठळक पुरावा अणूचा आहे. उत्तेजित अणू आपणहून प्रकाश टाकतो आणि खालच्या पातळीवर येतो. याला 'उत्स्फूर्त' उत्सर्जन म्हणतात, आणि हे नाव दिशाभूल करणारे आहे. अमुक अणूचे अमुक आयुष्य, असे कोष्टकच पुस्तकात छापलेले असते, जणू ते त्याच्या जन्मपत्रिकेत आहे. १९४६ मध्ये एडवर्ड पर्सेल यांनी दाखवून दिले, की अणू योग्य पोकळीत ठेवला तर त्याचे उत्सर्जन वाढेल. १९८५ मध्ये अमेरिकेतील एम. आय. टी. येथे डॅनियल क्लेप्नर यांच्या गटाने उलटी बाजू दाखवली. सीझियमचे उत्तेजित अणू त्यांनी दोन धातूच्या पट्ट्यांमधल्या अरुंद फटीतून नेले. अणूला जो प्रकाश टाकायचा होता त्याची लहर त्या फटीत मावतच नव्हती. ऊर्जा घ्यायला शेजारी कोणी नाही म्हटल्यावर अणूने ती टाकली नाही. त्याचे आयुष्य निदान वीसपट वाढले. अणू तोच. म्हणजे ज्याला आपण 'उत्स्फूर्त' म्हणत होतो ती कृतीही शेजाऱ्याच्या संमतीने होत होती.

तिसरी गोष्ट अशी, की योग्य परिसरात गेलेली ऊर्जा परत येते. एकाच दोरीला दोन झोके बांधा आणि एकाला हलवा. थोड्या वेळाने तो थांबतो आणि दुसरा झुलू लागतो. मग दुसरा थांबतो आणि पहिला पुन्हा झुलतो. हारोश यांच्या पेटीत अणूची वारंवारता क्षेत्राशी नेमकी जुळवली की हेच घडते. अणू फोटॉन टाकतो, परत घेतो, पुन्हा टाकतो. सेकंदाला सुमारे पन्नास हजार वेळा या गतीने. हाच अणू मोकळ्या अवकाशात ठेवला तर सेकंदाच्या सुमारे तेहतिसाव्या भागात तो फोटॉन टाकतो आणि तो कधीही परत येत नाही.

असे का? पेटीत अणूला एकच शेजारी आहे. मोकळ्या अवकाशात क्षेत्राच्या असंख्य दोलनपद्धती आहेत, प्रत्येकीची वारंवारता थोडी वेगळी. एका झोक्याला एकच झोका बांधला तर ऊर्जा येरझारा घालते. लाखो वेगवेगळ्या झोक्यांना तो बांधला, की त्याची ऊर्जा थोडी थोडी सर्वांत वाटली जाते, आणि सारे एकाच क्षणी तिला परत करतील अशी वेळ येत नाही. एकेका झोक्याचा नियम उलटसुलट दोन्ही बाजूंनी चालणारा आहे. परतीची वाट बंद होते ती गर्दीमुळे. पुंजक्षेत्र निवते ते या कारणाने.

याच गर्दीमुळे आणखी एक गोष्ट जाते, आणि ती ऊर्जेच्याही आधी जाते. पुंजक्षेत्र एकाच वेळी दोन वेगळ्या दोलनांच्या संमिश्र अवस्थेत असू शकते. पण बाहेर निसटलेला एखादा फोटॉनही आतल्या अवस्थेची खूण बरोबर नेतो आणि ती संमिश्र अवस्था मोडते. क्षेत्र जितके मोठे आणि दोन दोलने जितकी एकमेकांपासून दूर, तितकी ती लवकर मोडते. १९९६ मध्ये आणि पुढे २००८ मध्ये पॅरिसच्या गटाने हे मोडणे पायरीपायरीने मोजले. बहुतेक ऊर्जा अजून पेटीतच असताना ते घडून गेलेले असते. 'मन क्वांटम अवस्थेत नेऊन दूरवरच्या माणसावर परिणाम करतो' असे सांगणाऱ्याला हा प्रयोग माहीत नसतो. निरपेक्ष शून्याच्या जवळ, निर्वात पेटीत, तीन-चार फोटॉनांची अशी अवस्था सेकंदाच्या लहानशा अंशापलीकडे टिकत नाही. उबदार, ओल्या, गजबजलेल्या शरीराची काय कथा!

५

आता शेवटची अवस्था. निवणे म्हणजे शून्य होणे, अशी आपली समजूत असते. पॅरिसच्या पेटीत, बाहेरून काही न घालताही, मधूनमधून एखादा फोटॉन आपोआप प्रकटतो आणि नाहीसा होतो. तो येतो आरशांच्या उरलेल्या ०.८ अंशांच्या उष्णतेतून. सरासरी काढली तर पेटीत ०.०५ फोटॉन असतो. म्हणजे शंभर वेळा पाहिले तर पाचेक वेळा एक सापडतो. हा आकडा ज्या सूत्रातून येतो ते मूळचे प्लांक यांचे. पण फोटॉन कसे मोजावेत याचा खरा पाया सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात शिकवीत असताना घातला. तीच पेटी आपल्या खोलीच्या तपमानाला ठेवली तर तेच सूत्र सुमारे १२० फोटॉन सांगते.

ज्या दाराने ऊर्जा बाहेर जाते त्याच दाराने ती आतही येते. दार जितके मोठे तितके जाणे जास्त, तितकेच येणेही जास्त. तारेतल्या विजेच्या बाबतीत हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि सर्वसाधारणपणे कॅलन व वेल्टन यांनी १९५१ मध्ये हे सिद्ध केले. तेव्हा निवलेले क्षेत्र म्हणजे परिसराशी देवाणघेवाण बरोबरीला आलेले क्षेत्र. आत काहीच चालत नाही असे तेथे नसते. जितके जाते तितके येते एवढेच. स्मशानाची शांतता आणि ही शांतता यांत फरक आहे, हे वेगळे सांगायला नको.

६

येथवर पेटी होती, पेटीला बाहेर होते. जेथे बाहेर असे काही नाही तेथे काय? हा प्रश्न हवेतला वाटेल, पण विश्वाच्या आरंभाचा अभ्यास करणाऱ्यांना तो सोडवावाच लागला. १९८० ते १९८२ या काळात स्टारोबिन्स्की, अॅलन गुथ, आंद्रेई लिंडे, आल्ब्रेख्ट आणि स्टाइनहार्ट यांनी अशी मांडणी केली, की अगदी आरंभी एका क्षेत्राच्या ऊर्जेमुळे विश्व अतिशय वेगाने फुगले. या फुगण्याने विश्व थंड आणि जवळजवळ रिकामे झाले. मग तारे, पाणी, माणूस ज्यापासून झाले ते कण आणि ती उष्णता आली कुठून?

उत्तर आपल्या ओळखीचे आहे. फुगणे संपताना ते क्षेत्र वाडग्याच्या कडेवरून घरंगळलेल्या गोटीसारखे तळाशी आले आणि तळाभोवती दोलन करू लागले. विश्वाचे प्रसरण त्याला घर्षणासारखे अडवीत होतेच. शिवाय त्याचा इतर क्षेत्रांशी संबंध होता. त्याने आपली ऊर्जा त्यांना दिली आणि त्या क्षेत्रांतून कण निर्माण झाले. सुरुवातीला हे देणे फोटॉन एकेक करून पेटीबाहेर जावा तसे सावकाश होते, असा हिशेब मांडला गेला. १९९० मध्ये ट्रॅशेन आणि ब्रँडेनबर्गर यांनी आणि १९९४ मध्ये कॉफमन, लिंडे व स्टारोबिन्स्की यांनी दाखवून दिले, की ते स्फोटासारखेही होऊ शकते. झोक्यावर उभा राहिलेला मुलगा ठेक्यात उठतो-बसतो तेव्हा झोका कसा चढत जातो ते नागपंचमीला आपण पाहतो. दोलन करणारे क्षेत्र दुसऱ्या क्षेत्राला तसेच ठेक्यात हलवते. आणि तेथे जितके कण आधीच झाले असतील तितके नवे आणखी वेगाने होतात. पुढे हे कण एकमेकांवर आदळून ऊर्जा वाटून घेतात आणि सारे एका तपमानाला येतात.

विश्वाला बाहेर नव्हते; परंतु त्या एका क्षेत्राला शेजारी होते. परिसर म्हणजे भिंतीपलीकडचे जग असलेच पाहिजे असे नाही. ज्यांच्याशी देवघेव होऊ शकते ते सारे परिसर होत.

ही मांडणी अजून सिद्ध झालेली नाही. ते क्षेत्र कोणते, याचा थेट पुरावा मिळालेला नाही. विश्व एके काळी एका तपमानाला निवले होते हे मात्र मोजलेले आहे. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी प्रसिद्ध केलेली अवकाशातील मंद किरणे आज निरपेक्ष शून्याच्या वर २.७२५ अंशांची आहेत. साऱ्या विश्वात, मोकळ्या अवकाशाच्या प्रत्येक घनसेंटीमीटर जागेत, त्यांचे सुमारे ४१० फोटॉन आहेत. याच पुराव्याचा अर्थ वेगळा लावणारेही होते. महास्फोटाची कल्पना मान्य नसलेल्या जयंत नारळीकरांनी (१९३८–२०२५) फ्रेड हॉइल यांच्याबरोबर पर्यायी मांडणी केली आणि ते मराठीतून विज्ञान सांगत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत झाले नाहीत. पण वाद मोजमापाने चालला, आणि वाद घालणाऱ्याला कोणी वाळीत टाकले नाही. विज्ञानाकडून उसनी घ्यायचीच असेल तर ही रीत घ्यावी.

७

अणूच्या प्रयोगावरून समाजाबद्दल काही सिद्ध होते, असे मी म्हणणार नाही. अणूला अपमान कळत नाही आणि माणूस म्हणजे झोका नव्हे. कोणत्याही जुन्या ग्रंथात, आपल्याला प्रिय असलेल्या ग्रंथातसुद्धा, हे पुंजक्षेत्र आधीच सांगितले होते असा दावा आपण करू नये. तसे केले तर पलीकडच्या दुकानदारात आणि आपल्यात फरक राहणार नाही.

मला दाखवायची होती ती प्रश्न विचारण्याची पद्धत. अणूचे आयुष्य हा त्याचा अंगभूत गुण आहे, असे जाणकारही मानून चालले होते. कोणीतरी विचारले, हे आयुष्य कोणत्या परिसरात मोजले? परिसर बदलून पाहिला आणि 'अंगभूत' म्हणून लिहिलेला आकडा वीसपट बदलला. ज्यांच्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या 'हा त्यांचा स्वभावच' असे लिहिले गेले, त्या आपल्या लोकांनी ही पद्धत तरी हातची जाऊ देता कामा नये.

आणि यापुढे कोणी सभेत, वर्गात, वस्तीत 'कंपनां'ची भाषा बोलू लागला तर कार्यकर्त्यांनी गप्प बसू नये. त्याला विचारावे: हे कंपन कशाचे? त्याची वारंवारता किती? ते किती वेळात विरते? विरते तेव्हा त्याची ऊर्जा कोणाकडे जाते? आणि हे कोणी, कोणत्या साधनाने मोजले? पॅरिसच्या त्या पेटीबद्दल या पाचही प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि ती वर दिली आहेत. ज्याच्यापाशी ती नसतील त्याने वर्गणी मागू नये. शिक्षक मित्रांना माझी वेगळी विनंती आहे. हे प्रश्न मराठीतून, फळ्यावर, न पाठ करता विद्यार्थ्यांपुढे ठेवा. हलगीपासून सुरुवात केली तरी चालते. माझ्या वर्गात ती चालली आहे.